एलडीएल १४८, घाण्यावरचे करडई तेल आणि कायमची गोळी : संशोधन नेमके काय सांगते?

जुळेसोलापूरकर (प्रश्न)

नमस्कार. प्रश्न थोडा लांबलचक आहे, पण सविस्तर लिहिल्याशिवाय नेमके उत्तर मिळणार नाही, म्हणून सगळी माहिती देत आहे.

माझे वडील ५६ वर्षांचे असून सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत एका चादर कारखान्यात जॉबर आहेत. मधुमेह बऱ्याच वर्षांपासून आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि तंबाखूचा मावा सोडतो सोडतो म्हणत अजून सुटलेला नाही. हृदयाचा त्रास आजवर झालेला नाही. मात्र माझे धाकटे काका ४९ व्या वर्षी झटक्याने गेले, तेव्हापासून घरात धास्ती आहे. मागच्या महिन्यात उपाशीपोटी केलेल्या तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल २२६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ३६ आणि एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १४८ असे आकडे आले. डॉक्टरांनी रोझुवास्टॅटिन १० मिलिग्रॅमची गोळी रोज रात्री, आणि तीही कायमची, घ्यायला सांगितली. गोळ्या आणून ठेवल्या आहेत, पण त्यांतली एकही अजून पोटात गेलेली नाही.

त्याला कारण नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला एक मजकूर. कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचा संबंध औषध कंपन्यांनी ओढूनताणून जोडला आहे, असे त्यात म्हटले आहे आणि पुरावा म्हणून ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगाचा दाखला दिला आहे. त्या प्रयोगात रुग्णांना करडईचे तेल दिले, त्यांचे कोलेस्टेरॉल उतरले, पण माणसे उलट जास्त दगावली, असा दावा आहे. मजकुराच्या पहिल्या भागाकडे मी काणाडोळा केला असता. दुसऱ्याने मात्र घरात गोंधळ उडवला. मंगळवेढ्याकडे आमची थोडी कोरडवाहू जमीन आहे, ज्वारीत करडईचे पट्टे असतात आणि वर्षाचे तेल घाण्यावरून काढून आणण्याची रीत अजून चालू आहे. आई विचारते की हे तेल बंद करून पिशवीतले आणायचे का. वडील म्हणतात की करडईने कोलेस्टेरॉल उतरते हे तर त्या लोकांनीच मान्य केले आहे, मग गोळी कशाला? एकाच मजकुरातून दोघांनी दोन टोकांचे अर्थ काढले आहेत.

ऑस्ट्रेलियातला तो प्रयोग खरोखर झाला होता का, कोलेस्टेरॉल उतरवल्याने झटका टळतो हे कशावरून ठरले, आणि ज्याला अजून काहीच झालेले नाही अशा माणसाला गोळीचा किती उपयोग होतो, हे कोणी जाणकाराने उलगडून सांगितले तर उपकार होतील.

विजापूरवेस

मी वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. रुग्ण न पाहता औषधाचे प्रमाण ठरवणे मला मान्य नाही, त्यामुळे ते आपल्या डॉक्टरांवर सोडतो आणि पुराव्यापुरते लिहितो. करडईबद्दल माझ्यापेक्षा अधिक माहिती असलेले सभासद येथे आहेत, ते बोलतीलच.

कोलेस्टेरॉलवरचा संशय औषध कंपन्यांच्या कितीतरी आधीचा आहे. निकोलाय आनिच्कोव्ह या रशियन संशोधकाने १९१३ मध्ये सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले कोलेस्टेरॉल खाऊ घातले, तेव्हा त्यांच्या रोहिण्यांत (धमन्यांत) माणसाच्या रोहिण्यांत आढळतात तसे थर साचले. नुसते तेल दिलेल्या सशांना काही झाले नाही. ससा शाकाहारी प्राणी, त्याच्यावरून माणसाचा निष्कर्ष कसा काढायचा, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला आणि तो रास्तही होता. पुढे १९४८ पासून अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली आणि कोलेस्टेरॉल, रक्तदाब व धूम्रपान यांचा हृदयविकाराशी संबंध दिसून आला. पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही. तुमच्या मजकुराच्या लेखकाची शंका १९६० च्या दशकात मांडली असती, तर मीसुद्धा ती गांभीर्याने घेतली असती.

चित्र पालटले ते आनुवंशिक आजाराच्या अभ्यासाने. काही घराण्यांत जन्मापासूनच एलडीएल फार चढलेले असते, आणि आई व वडील या दोघांकडून तो दोष आलेल्या मुलांना शाळकरी वयातही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. मधुमेह नाही, तंबाखू नाही, ताणतणाव नाही, तरीही. डॅलस येथील मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की या मुलांच्या पेशींवर रक्तातील एलडीएल पकडून आत ओढणारे ग्राहक रेणूच सदोष असतात किंवा नसतातच. या कामासाठी १९८५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. स्टॅटिन, म्हणजे रोझुवास्टॅटिन ज्या गटातले आहे ती औषधे, यांचे कार्यही याच ग्राहकांमार्फत होते. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणारे एक विकर (एन्झाइम) ही औषधे अडवतात, मग यकृताला कोलेस्टेरॉलची चणचण भासते आणि ते आपल्या पेशींवरील ग्राहक वाढवून रक्तातील एलडीएल ओढून घेऊ लागते.

स्टॅटिनचा शोध जपानमधला. अकिरा एंडो यांनी सान्क्यो या कंपनीत सुमारे ६,००० बुरशींची छाननी केली आणि १९७३ मध्ये तांदळावरील एका निळसर-हिरव्या बुरशीत पहिले स्टॅटिन सापडले. उंदरांवर ते फारसे चालले नाही, कारण उंदरांच्या रक्तात एलडीएल मुळातच थोडे असते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर आणि कुत्र्यांवर मात्र परिणाम दिसला. तेव्हा उंदरांवरच विसंबून काम गुंडाळले असते, तर पुढचे काहीच घडले नसते. एंडो २०२४ मध्ये निवर्तले. त्यांना नोबेल मिळाले नाही, याची मला व्यक्तिशः रुखरुख आहे.

खरी कसोटी माणसांवरच्या चाचणीची. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीचे निकाल आले. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या दिल्या होत्या. पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात निष्क्रिय गोळ्यांच्या गटातील सुमारे १२ टक्के आणि औषध घेणाऱ्यांतील सुमारे ८ टक्के माणसे दगावली. येथे मृत्यू मोजले होते, नुसते रक्तातले आकडे नव्हे, आणि हे महत्त्वाचे आहे.

हा सगळा स्टॅटिनचाच काही वेगळा गुण असेल, कोलेस्टेरॉलचा त्याच्याशी संबंध नसेल, अशी शंका उरते. तिचे उत्तर मला सर्वांत पटणारे वाटते. अमेरिकेत ८३८ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत गोळी दिलीच नव्हती. लहान आतड्याचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेने वळसा देऊन बाजूला काढला, त्यामुळे पित्तरसाबरोबर कोलेस्टेरॉल शरीराबाहेर जाऊ लागले. एलडीएल उतरले, आणि १९९० मध्ये जाहीर झालेल्या निकालात हृदयविकाराचे मृत्यू व झटके मिळून सुमारे ३५ टक्क्यांनी घटलेले होते. पुढे २००६ मध्ये असे आढळले की पीसीएसके-९ नावाचे जनुक जन्मतः निकामी असलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकी लोकांत एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी असते आणि त्यांना हृदयरोहिणीचा विकार ८८ टक्क्यांनी कमी होतो. या लोकांनी कोणत्याही कंपनीची एक गोळीसुद्धा घेतलेली नव्हती. आतड्यावरची शस्त्रक्रिया, जन्मजात जनुक, बुरशीतून निघालेले औषध, आतड्यातील शोषण रोखणारे एझेटिमाइब, अशा एकमेकींशी संबंध नसलेल्या वाटांनी एलडीएल उतरवले आणि प्रत्येक वाटेवर झटके घटले. सगळ्या वाटा एकाच गावी पोहोचत असतील, तर ते गाव कल्पनेतले आहे असे म्हणणे अवघड आहे.

भीमाकाठ

करडईबद्दल मी लिहितो, कारण माझी नोकरी तेलबियांच्या संशोधनाशी निगडित होती. करडईचा मुद्दा सोलापूरच्या माणसाच्या जिव्हारी लागणे साहजिक आहे. येथील कृषी संशोधन केंद्रातून ‘भीमा’सारखे करडईचे वाण बाहेर पडले आहेत, आणि ऊस येण्याआधी या जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यात ज्वारी-करडई ही जोडी ठरलेली असे. काटे दवाने मऊ असतानाच, पहाटे काढणी उरकायची, हे ज्याने केले आहे त्याला या पिकाबद्दल कोणी काही बोललेले खपत नाही. तरीही त्या मजकुरातला प्रयोग खोटा नाही, हे आधी सांगितले पाहिजे.

सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात, नुकताच हृदयाचा झटका येऊन गेलेल्या किंवा तसा त्रास झालेल्या ४५८ पुरुषांवर तो झाला. एका गटाला लोणी व इतर प्राणिज मेद कमी करून त्याऐवजी करडईचे तेल आणि करडई तेलाचे मार्गारिन (लोण्यासारखे घट्ट केलेले तेल) खायला सांगितले. त्यांचे कोलेस्टेरॉल उतरले, तरी त्या गटातील १७.६ टक्के माणसे दगावली. दुसऱ्या गटात हे प्रमाण ११.८ टक्के होते. मृत्यूंच्या कारणांचा तपशील त्या वेळी छापलाच गेला नाही. क्रिस्टोफर रॅम्सडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या चुंबकीय फितीवरून आकडे मिळवून २०१३ मध्ये नव्याने विश्लेषण प्रसिद्ध केले, तेव्हा हृदयविकाराचे मृत्यूही करडईच्या गटात जास्त असल्याचे समोर आले. मजकुराच्या लेखकाने येथपर्यंत बरोबर सांगितले आहे आणि येथेच थांबून वाचकाची दिशाभूल केली आहे.

पहिली अडचण मार्गारिनची. त्या काळी द्रव तेल घट्ट करण्यासाठी हायड्रोजन वापरत, आणि ती प्रक्रिया अर्धवट झाली की ट्रान्स मेद तयार होतो. सिडनीच्या मार्गारिनमध्ये तो किती होता यावर अजून वाद आहे, परंतु ट्रान्स मेद हृदयाला घातक आहे यावर वाद उरलेला नाही. म्हणूनच आपल्याकडेही तेल, वनस्पती तूप आणि मार्गारिन यांतील त्याची मर्यादा जानेवारी २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के करण्यात आली. घाण्याच्या तेलात हायड्रोजनचा संबंधच येत नाही. दुसरी अडचण प्रमाणाची. त्या गटाच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे १५ टक्के बहुअसंपृक्त मेदातून येत होते. दोन हजार उष्मांकांच्या आहारात हे प्रमाण गाठायला प्रत्येकी सुमारे ४४ ग्रॅम करडई तेल रोज पोटात जावे लागेल. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल तर माणशी दिवसाला ३० ग्रॅम पडते, म्हणजे तुम्ही त्या प्रमाणाच्या बरेच खाली आहात. तिसरी गोष्ट अशी की करडई तेलात लिनोलिक आम्ल, म्हणजे ओमेगा-६ प्रकारचा बहुअसंपृक्त मेद, सुमारे तीन चतुर्थांश असते, पण ओमेगा-३ जवळजवळ नसते. ओमेगा-६ आणि ओमेगा-३ दोन्ही असलेली तेले वापरलेल्या चाचण्यांत असा उलटा निकाल दिसलेला नाही, असे खुद्द रॅम्सडेन यांच्याच विश्लेषणात आहे. सिडनीच्या माणसाच्या ताटात जवसाची चटणी नव्हती.

त्यामुळे आपल्या मातोश्रींना माझे सांगणे असे की करडई बंद करण्याचे कारण नाही, पण वर्षभर तेच एक तेल वापरण्याऐवजी शेंगदाण्याचे तेल अदलून-बदलून वापरावे आणि जवसाची चटणी ताटात ठेवावी. आपल्या वडिलांना माझे सांगणे अधिक स्पष्ट आहे : प्राणिज तूप किंवा वनस्पती तुपाच्या जागी करडई आली तर एलडीएल थोडे उतरते, परंतु तुमच्या घरात पूर्वीपासूनच करडई खाल्ली जाते आणि १४८ हा आकडा ती खाऊनच आलेला आहे. तेलाकडून जे मिळायचे ते मिळून चुकले आहे.

जाता जाता एक सांगतो. पिशवीवर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे छापलेले असते म्हणून जास्त पैसे देऊ नका. वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतेच. त्यापेक्षा कढईतले उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवून भजी तळण्याची सवय मोडली तर अधिक फायदा होईल. आणि शेंगा चटणीत मीठ बेताने, कारण वडिलांना रक्तदाब आहे. शेंगदाण्याला दोष देण्याचे कारण नाही.

नमुनानळी

मी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम करते. वरील दोघांनी एलडीएलवर भर दिला आहे, पण आपल्या वडिलांच्या अहवालात आणखी काही वाचण्यासारखे आहे.

बहुतेक अहवालांतील एलडीएल थेट मोजलेले नसून सूत्राने काढलेले असते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा, असे ते सूत्र आहे. २२६ मधून ३६ आणि ४२ वजा केल्यावर १४८ उरतात, म्हणजे अहवाल याच सूत्राचा आहे. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले तर हे सूत्र वापरता येत नाही; तेवढे येथे नाही. मात्र ट्रायग्लिसराइड चढलेले, एचडीएल उतरलेले आणि सोबत मधुमेह, असा नमुना आपल्याकडे रोज दिसतो, आणि त्यात एलडीएलचा आकडा मध्यम असूनही ते वाहणारे कण लहान, दाट आणि संख्येने अधिक असतात. म्हणून एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करून येणारा आकडा पाहावा. तो १९० आहे. उद्दिष्टाचा हिशेब सोपा आहे, एलडीएलच्या उद्दिष्टात ३० मिळवायचे.

हे उद्दिष्ट किती, याबद्दल कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांसाठी एलडीएल ७० च्या खाली आणि ज्यांना झटका येऊन गेला आहे अशांसाठी ५५ च्या खाली, असे त्यांत म्हटले आहे. अहवालावर छापलेली ‘सामान्य मर्यादा’ सर्वांसाठी एकच असते, त्यामुळे तिच्याशी तुलना करून निश्चिंत होणारे अनेक जण मला खिडकीवर भेटतात. पहिल्या तपासणीसाठी उपाशीपोटी येण्याची अट याच सूचनांनी शिथिल केली आहे, तरीही सकाळी सातला उपाशी येऊन रांग लावण्याची सवय लोकांना सोडवत नाही.

ज्या तपासणीबद्दल कोणी विचारत नाही ती म्हणजे लायपोप्रोटीन-ए, रक्तात कोलेस्टेरॉल वाहणारा एलडीएलसारखाच एक कण. नॉर्वेतील कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये हा कण शोधला. त्याचे प्रमाण जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक असते, आहाराने वा व्यायामाने फारसे हलत नाही, स्टॅटिननेही उतरत नाही, आणि म्हणून आयुष्यात एकदा तपासले तरी पुरते. डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीचे घटक अधिक कसोशीने आवाक्यात ठेवावे लागतात. तुमच्यासाठी ते काका होते, वडिलांसाठी सख्खे भाऊ. पुरुषाला ५५ च्या आत हृदयविकार हा कौटुंबिक इतिहासातील ठळक मुद्दा धरला जातो. त्यामुळे ही तपासणी वडिलांनी करावीच, शिवाय तुम्हीही स्वतःचे लिपिड एकदा पाहून घ्यावे. नव्या सूचनांत पहिली तपासणी १८ व्या वर्षीच करायला सांगितली आहे.

सिद्धेश्वरपेठ

सर्वांचे लेखन अभ्यासपूर्ण आहे, तरी एक वेगळी बाजू मांडतो. १२ टक्क्यांचे ८ टक्के झाले याचा अर्थ शंभरातील ९६ जणांना गोळी घेऊन मृत्यूच्या हिशेबात काहीच फरक पडला नाही. आणि ते तर आधीच हृदयरोगी होते. येथे ज्यांना काही झालेले नाही अशा गृहस्थांना आयुष्यभर गोळी द्यायची आहे. माझ्या मेहुण्यांना हीच गोळी सुरू केल्यावर पायांत गोळे येऊ लागले आणि जिना चढणे अवघड झाले. साखर वाढते असेही वाचले आहे. लसूण आणि लाल यीस्टचा तांदूळ यांनी कोलेस्टेरॉल उतरते असे अनेकांचे म्हणणे आहे, मग आधी तो मार्ग का धरू नये?

विजापूरवेस

शंभरातील चार हा आपला हिशेब बरोबर आहे, आणि असे आकडे समोर ठेवूनच निर्णय घ्यावा, केवळ ‘तीस टक्के घट’ असे सांगून रुग्णाला दिपवू नये, या मताचा मीही आहे. म्हणून प्रश्नकर्त्याच्या वडिलांशी मिळत्याजुळत्या माणसांची चाचणी पाहू. ब्रिटन व आयर्लंडमध्ये २,८३८ मधुमेही रुग्ण निवडले होते. त्यांना हृदयविकार झालेला नव्हता, एलडीएल १६० च्या आत होते, आणि रक्तदाब, धूम्रपान किंवा मधुमेहामुळे डोळ्यांवर वा मूत्रपिंडावर झालेला परिणाम यांपैकी किमान एक गोष्ट सोबत होती. निम्म्यांना एटोरवास्टॅटिन १० मिलिग्रॅम दिले. फरक इतका लवकर आणि इतका स्पष्ट दिसला की चाचणी ठरल्या वेळेच्या सुमारे दोन वर्षे आधी थांबवावी लागली. सुमारे चार वर्षांत झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना निष्क्रिय गोळ्यांच्या गटात ९ टक्के आणि औषधाच्या गटात ५.८ टक्के माणसांत घडल्या. निकाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे शंभरात तीन, आणि तेही केवळ चार वर्षांत. ५६ वर्षांच्या माणसापुढे, देवाच्या कृपेने, त्याहून बराच मोठा काळ आहे. शिवाय बावन्न देशांतील इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो असे दिसले. इतरत्र तो साधारण ५९ व्या वर्षी येतो. युरोपातील माणसाचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लावले, तर आपली जोखीम कमीच धरली जाण्याची शक्यता आहे.

स्नायूदुखीबद्दल आपल्या मेहुण्यांचा त्रास खोटा आहे असे मी म्हणणार नाही. स्टॅटिनने स्नायूंना खरी इजा होते, पण ती विरळा. लंडनमध्ये झालेली एक चाचणी या बाबतीत फार उद्बोधक आहे. त्रासामुळे स्टॅटिन सोडून दिलेल्या ६० जणांना बारा बाटल्या दिल्या, प्रत्येक महिन्याला एक. चार बाटल्यांत औषध, चारांत निष्क्रिय गोळ्या आणि चार रिकाम्या, कोणत्या महिन्यात काय ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे. रोजच्या त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे होते. रिकाम्या महिन्यांची सरासरी ८, निष्क्रिय गोळ्यांची १५.४ आणि औषधाची १६.३ आली. माणसांना त्रास खरोखर होत होता, पण त्यातला नव्वद टक्के गोळी घेतल्याच्या धास्तीने होता. स्वतःचे आकडे पाहिल्यावर निम्म्यांनी औषध पुन्हा सुरू केले. मेहुण्यांनी डॉक्टरांकडून सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्यावे, थायरॉइड व ड जीवनसत्त्व पाहावे आणि गरज पडल्यास दुसरे स्टॅटिन कमी प्रमाणात घेऊन बघावे. एक न मानवलेली गोळी म्हणजे सगळा मार्ग बंद असे नाही.

साखरेचा मुद्दा खरा आहे. २०१० च्या एकत्रित विश्लेषणानुसार २५५ माणसांना चार वर्षे स्टॅटिन दिल्यास मधुमेहाचा एक रुग्ण अधिक होतो. प्रश्नकर्त्याच्या वडिलांना मधुमेह आधीच आहे, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हे भय उरलेले नाही. साखर किंचित चढली तर तिचे औषध जुळवता येते.

लसणाबद्दल माझ्या मनात आकस नाही. २००७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९२ जणांना सहा महिने कच्चा लसूण किंवा लसणाच्या गोळ्या देऊन पाहिले, एलडीएल हलले नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोझुवास्टॅटिनच्या ५ मिलिग्रॅमने एलडीएल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरले, तर लसूण, दालचिनी, हळद, माशाचे तेल आणि लाल यीस्टचा तांदूळ यांच्या गोळ्या निष्क्रिय गोळीहून वेगळ्या ठरल्या नाहीत. लाल यीस्टच्या तांदळात काही गुण असतोच, कारण त्यात मोनॅकोलिन-के नावाचे द्रव्य असते आणि ते म्हणजे लोव्हास्टॅटिनच. फरक इतकाच की पुडीत ते किती आहे याचा भरवसा नसतो. स्टॅटिन नको म्हणून प्रमाण माहीत नसलेले स्टॅटिन घ्यायचे, याला काय म्हणावे?

ज्यावर कोणीच बोलले नाही तो मुद्दा माव्याचा. इंटरहार्टमध्ये नुसता तंबाखू चघळणाऱ्यांत, म्हणजे कधीच धूम्रपान न केलेल्यांतही, झटक्याचे प्रमाण तंबाखू न घेणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळले. सोलापूरच्या पूर्व भागात आणि मागांच्या खात्यात मावा हा चहासारखा समजला जातो, विडीला तरी लोक व्यसन म्हणतात. रोझुवास्टॅटिन चालू आणि गालात मावाही चालू, अशी तडजोड करण्यात अर्थ नाही.

जुळेसोलापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. भीमाकाठ सरांचे उत्तर आईला आणि विजापूरवेस सरांचे वडिलांना वाचून दाखवले. मधुमेह्यांच्या चाचणीतला आकडा वडिलांना पटला. माव्याच्या परिच्छेदावर ते काही बोलले नाहीत. एवढेच विचारायचे आहे की गोळी सुरू केल्यावर पुन्हा तपासणी कधी करावी, आणि १० मिलिग्रॅमने १४८ चे ७० होतील का? रात्रपाळी असली की रात्रीची गोळी चुकण्याची भीती आहे.

नमुनानळी

साधारण सहा ते आठ आठवड्यांनी लिपिड पुन्हा करावे, सोबत एसजीपीटी (यकृताची तपासणी). रोझुवास्टॅटिन १० ने एलडीएल सुमारे ४५ टक्क्यांनी उतरते, म्हणजे १४८ चे ८० च्या आसपास येईल. ७० गाठण्यास तेवढे अपुरे पडेल. प्रमाण दुप्पट केल्यावर आणखी सहाएक टक्केच घट मिळते, म्हणून डॉक्टर पुष्कळदा प्रमाण वाढवण्याऐवजी एझेटिमाइब जोडतात. पहिल्या अहवालानंतर हा प्रश्न त्यांना जरूर विचारा. वेळेची चिंता करू नका. रात्रीची अट जुन्या, थोडा वेळ टिकणाऱ्या सिम्व्हास्टॅटिनसारख्या गोळ्यांसाठी होती. रोझुवास्टॅटिन आणि एटोरवास्टॅटिन दिवसभरात केव्हाही चालतात, फक्त वेळ रोज तीच ठेवावी. पाळी कोणतीही असली तरी रक्तदाबाची गोळी वडील ज्या वेळी न चुकता घेतात, तिच्याबरोबरच ही द्यावी.